मानेतली गाठ: आधी सुई, मग सुरी
पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, आदिलाबादेत काय नि यवतमाळात काय, मानेत माळेसारख्या उठणाऱ्या गाठींना मराठी माणूस गंडमाळच म्हणतो. मागे बहुधा क्षय असतो, कधी कर्करोग. बोटांना तो फरक खात्रीने कळत नाही. पूर्वी गाठ कापूनच निदान होई. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली सुईने पेशी ओढून तपासण्याची पद्धत मांडली. पुढे स्वीडनमध्ये सुई बारीक झाली. इकडे आदिलाबादचं रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय तर २००८चं; त्याआधी मोठं रुग्णालय दूरच. जिथे शस्त्रक्रियागृह गाठायलाच दिवस मोडतो, तिथे सुईने ओढून काही मिनिटांत काचपट्टीवर पसरलेला थेंब फार मोलाचा.

सुईला सुट्या पेशी मिळतात, गाठीची घडण नाही, हा आक्षेप खराच आहे. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला बहुधा अख्खी गाठ लागते. थायरॉइडच्या फॉलिक्युलर गाठीचं कवच भेदलं गेलंय का, हेही सुई सांगत नाही. पण म्हणून सुरी आधी येत नाही. तोंड-घसा न तपासता मानेची गाठ कापू नये, असं मार्टिननेच बजावलं होतं: मूळ कर्करोग अनेकदा तिथेच लपलेला असतो. शिवाय क्षयाच्या गाठीवरचा छेद महिनोन्‌महिने वाहत राहू शकतो.