आजोबा टांग्यात का बसत नसत

आमच्या आजोबांचं चरित्र म्हणून घरात जे शिल्लक होतं ते चार वाक्यांत संपत असे. आजोबा जंगी पलटणीत होते. बसऱ्याला लढाईवर गेले होते. परत आल्यावर त्यांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली. आणि ते जन्मात कधी टांग्यात बसले नाहीत, इतके चिक्कू होते.

शेवटचं वाक्य सगळेजण हसत हसत सांगायचे. लग्नकार्यात, बारशाला, कोणी रिक्षाच्या भाड्यावरून घासाघीस केली की हमखास, "आजोबांचा नातू शोभतोस!" आजोबा गेले १९६८ साली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यांची पांढरी मिशी, गळ्यातली तुळशीची माळ आणि ताट धुऊन पिण्याची सवय एवढं मला स्वतःला आठवतं. लढाईबद्दल ते बोलल्याचं आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पुतण्याने कळवलं, "आत्या, आपला वंशवृक्ष करतोय, माहिती पाठव." त्याने पाठवलेल्या तक्त्यात नाव, जन्म, लग्न, मृत्यू अशा चौकटी होत्या. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर रिकामी चौकट दिसली की हात स्वस्थ बसत नाही. तेव्हा सुरुवात केली, आणि काम तक्त्यात मावेनासं झालं.

पहिला आधार मिळाला हेळव्याचा. तासगाव, मिरज, कोल्हापूर या भागातल्या मंडळींना हेळवी माहीत असतील. इतरांसाठी सांगते. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. बेळगावकडून यायचे, बैलावर बसून दारात उभं राहून मूळ पुरुषापासून नावं म्हणायचे, नवीन जन्मलेल्यांची नोंद करायचे आणि धान्य, कपडा, दक्षिणा घेऊन पुढच्या दारी जायचे. आता बैल गेला, वही राहिली. आमच्या हेळव्याच्या वहीत नऊ पिढ्या निघाल्या. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, वर चढत चढत थेट मूळ पुरुष. पण त्या नऊ पिढ्यांत एकही बाई नाही! जणू आमच्या घराण्यात पुरुषांनाच पुरुष झाले.

मग सरकारी कागद. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे, त्यालाच गाव नमुना १४ म्हणतात. ही जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि बरीचशी मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभरातली ही बुकं गाठोड्यांतून बाहेर निघाली. त्या निमित्ताने आमच्यासारख्यांचंही काम सोपं झालं. एक सूचना मात्र करते. तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे जुन्या कागदांचा माग काढताना "सांगली" म्हणून शोधलं तर हाती काही लागत नाही. आपल्या गावाचा जिल्हा कधी बदलला हे आधी बघावं.

मोडीचा वर्ग मी निवृत्तीनंतर केला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. डोळे फुटायची वेळ येते. पण एकदा सराव झाला की तलाठ्याचं अक्षर वर्गातल्या पोरांच्या अक्षरासारखं ओळखीचं होतं. आजोबांचा जन्म १८९४ चा निघाला. नोंदीत त्यांचं नाव नाही, बापाचं नाव आणि पुढे "मुलगा" एवढंच. बारशाच्या आधी नोंद होत असल्यामुळे हे असंच असतं.

त्याच बुकांत मला पणजी सापडली. घरात सांगत, पणजी मुलाच्या घोराने गेली. १९१८ चं बुक काढलं. आमच्या गावात एरवी महिन्याच्या मृत्यूंची नोंद अर्ध्या पानात मावते. त्या ऑक्टोबरची पाच पानांवर गेली आहे. कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द, "ताप". ही तीच इन्फ्ल्युएन्झाची साथ. मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांच्या आसपास माणसं नेली, देशात कोटीच्या वर. पणजीची नोंद २१ ऑक्टोबरची आहे. तुर्कस्तानबरोबर युद्धविराम झाला ३० ऑक्टोबरला. मुलगा सुटणार हे ठरण्याच्या नऊ दिवस आधी ती गेली. त्या नोंदीत तिचं स्वतःचं नाव आहे. नऊ पिढ्यांच्या वंशावळीत नसलेलं नाव तापाच्या यादीत मिळालं.

आता मुलगा कुठून सुटणार होता, ते सांगते.

"जंगी पलटण" म्हणजे मोठी थोरली पलटण असं आम्ही सगळे समजत होतो. पण ते विशेषण नाही, नाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला जंगी पलटण म्हणतात आणि पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक होता १०३. याला पुरावाही घरातच होता. आजीच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक चांदीचा वाटोळा बिल्ला होता. त्यावर घोडेस्वार. आम्ही मुलं त्याला खंडोबा म्हणून नमस्कार करायचो, आजीही हळदकुंकू वाहायची. तो निघाला ब्रिटिश वॉर मेडल! एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि १९१४, १९१८ ही सालं. अशी पदकं कित्येक घरांत अडीअडचणीला सोनाराकडे गेली. आमचं देव झाल्यामुळे वाचलं. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं असतात, तिकडे सहसा कोणी बघत नाही. भिंगाखाली धरलं तर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं आजोबांचं नाव आणि पलटण १०३. तुमच्या घरात असं पदक असेल तर आधी त्याची कड वाचा.

१०३ क्रमांक कळल्यावर पुढचं सगळं पुस्तकांत आहे. ही पलटण मेजर जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. त्याच डिव्हिजनमध्ये ११० आणि ११७ या आणखी दोन मराठा पलटणी होत्या. बसरा घेऊन फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं. माघार घेत फौज नदीच्या वळणावरच्या कूत या गावात आली आणि ७ डिसेंबरला वेढ्यात सापडली. सोडवायला आलेल्या फौजांची वीस हजारांहून जास्त माणसं जायबंदी झाली किंवा मेली, पण वेढा फुटला नाही. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांतले हजारो परतले नाहीत.

वर्गात पहिलं महायुद्ध मी दरवर्षी शिकवलं. साराजेव्हो, व्हर्साय, राष्ट्रसंघ. कूत आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आता टांग्याकडे येते. वेढ्यात आटा संपत आला तेव्हा तोफा ओढणारे आणि घोडदळाचे घोडे मारून त्यांचं मांस वाटायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्म आणि जात यांच्या भीतीने नकार दिला. गावात कळलं तर वाळीत टाकतील, पोरीबाळींची लग्नं होणार नाहीत, ही भीती खोटी नव्हती. महिनोन्‌महिने मूठभर पिठावर राहून माणसं खंगली, स्कर्व्हीने आजारी पडली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली. अखेर एप्रिलमध्ये, कूत पडायच्या तोंडावर, हजारोंनी ते खाल्लं. तेव्हा कुठे अंगात धुगधुगी राहिली.

हे वाचलं आणि मी त्र्याण्णव वर्षांच्या माझ्या आत्याला गाठलं. आजोबांच्या मुलांपैकी ती एकटीच आहे. मी तिला कूतबिट काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "आत्या, आजोबा टांग्यात बसत नसत ते सांग ना." (जुन्या माणसांना आपण शोधलेलं उत्तर आधी सांगू नये. ती आपल्याला बरं वाटावं म्हणून तेच सांगतात.)

आत्या म्हणाली, "मी सात-आठ वर्षांची असंन. ताप उतरंना म्हणून बानं मिरजंला मिशनच्या दवाखान्यात न्हेलं. ठेसनाभायेर टांग्याची रांग. टांगेवाला म्हनला, पाटील, पोरगी तापलीया, बसा, काय द्याचं ती द्या. बा न्हाईच बसला. मला खांद्यावर घेऊन चालत गेला. मी रडाय लागल्ये तवा म्हनला, बाय, घोड्याचं देणं हाय माज्यावर, त्येला वढाय लावू नी."

मी विचारलं, "कसलं देणं, ते विचारलं नाहीस?"

"बापाला कोन इचारतंय?"

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं हे वाक्य तिच्यापाशी होतं. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि आम्ही सगळे तेवढा काळ चिक्कूपणाच्या गोष्टीवर हसत होतो. आठवण खरी होती, तिला जोडलेलं कारण मागाहून कोणीतरी चिकटवलेलं. मला वाटतं, घराघरांतल्या विचित्र गोष्टींचं पुष्कळदा असंच असतं. म्हणून कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आठवण आहे तशी, त्याच शब्दांत आधी उतरवून घ्यावी आणि तिचा अर्थ शेजारी वेगळा लिहावा. अर्थ पुढे बदलू शकतो, पण आठवणीचे शब्द एकदा गेले की गेले.

यावरून घरात वादही झाला. पुस्तिका छापायची ठरल्यावर माझे थोरले चुलतभाऊ म्हणाले, "ताई, हे कशाला? माळकरी घराणं आपलं. नातसुना वाचतील, व्याही वाचतील. पलटण लिही, पदकाचा फोटो घाल, घोड्याचं गाळ." दादांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. ज्या भीतीने शिपाई महिनोन्‌महिने उपाशी राहिले तीच भीती शंभर वर्षांनी, पातळ होऊन का होईना, दादांच्या बोलण्यात होती. पण घोडा गाळला तर आजोबांचं काय उरतं? माळ का घातली, ताट धुऊन का प्यायचे, तापलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन टांग्यांच्या रांगेसमोरून का चालत गेले, यांतलं काहीच कळत नाही. फक्त एक बिल्लेवाला शिपाई उरतो. शेवटी दोघांनी आत्याला विचारायचं ठरवलं. तिला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिवा. त्यानं कुटं लपवलं हुतं? आमीच इचारलं न्हाई." दादांनी पुन्हा विषय काढला नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत आहे. आजोबांबरोबर त्यांचा चुलतभाऊही भरती झाला होता, तो परतला नाही. हेळव्याच्या वहीत त्याच्या नावापुढे वंश थांबल्याची खूण आहे. बसऱ्याला मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, साध्या हिंदी शिपायांची नाहीत. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने हा भेदभाव झाल्याचं स्वतःच्या अहवालात मान्य केलं. कमिशनच्या संकेतस्थळावर आता नावाने शोधता येतं, आपल्या घरातला कोणी असेल तर जरूर बघा. आमच्या पुस्तिकेत त्याला एक पान दिलं आहे. त्याची बायको पुढे पन्नास वर्षं आमच्याच घरात राहिली. तिच्या हातच्या पुरणपोळ्या सगळ्यांना आठवतात. नाव मात्र आत्यालाही आठवेना, "काकी" एवढंच. कोतवाल बुकांत तिचं नाव अजून शोधते आहे.

पुतण्याच्या तक्त्यात मी बायकांच्या चौकटी वाढवून घेतल्या आणि खाली "घरात सांगतात ते" अशी एक जागा करून घेतली. नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडच्या शाखेची ती जागा अजून रिकामी आहे. या दिवाळीला जमाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा, फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि मला पाठवा. क्षुल्लक वाटलं, हसू आलं, तरी गाळू नका. आत्याची तब्येत आता तोळामासा असते. तिच्याकडून निदान काकीच्या माहेरचं गाव तरी कळतं का, ते बघायला मी पुढच्या आठवड्यात तासगावला जाते आहे.