सार्कोमा, मृदू ऊतकांचा
स्नायू, मेद, मज्जातंतू आदी ऊतकांत उद्भवणारा हा विरळा कर्करोग बहुधा हातापायांत, विशेषतः मांडीत, गाठीच्या रूपाने प्रकटतो. ती दुखत नाही म्हणून तिची दखल घेतली जात नाही, हेच त्याचे कपट होय. ५ सेंटिमीटरांहून मोठी, खोल वा वाढती गाठ चरबीची समजून घाईने कापणे हा मोठा प्रमाद. कारण अर्धवट छेदनाने रोगपेशी आसपास पसरून पुढील शस्त्रक्रिया बिकट होते. म्हणून आधी एमआरआय, मग सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी आणि रोग फुप्फुसांत पसरला आहे का हे पाहण्यासाठी छातीचा सीटी स्कॅन. पूर्वी अवयवच्छेदाचा हुकूम सर्रास सुटे. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अवयव राखून केलेल्या शस्त्रक्रियेस किरणोपचारांची जोड दिल्यास जीवितकाल घटत नाही, असे दिसून आले.