धर्मशिक्षण आणि शाळेचा उंबरठा

पनागर ज्या मध्य प्रांतात होते, तेथील सरकारी शाळांचे धोरण इंग्रजी अमलात घडले. १८५४ च्या वूडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मापासून अलिप्त ठेवले. मिशनरी शाळांना मात्र अनुदान घेऊनही बायबल शिकविता येई.

१९३७ मध्ये महात्मा गांधींनी वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली. तीतून धर्मशिक्षण हेतुतः वगळले होते; प्रचलित पद्धतीने शिकविलेले धर्म ऐक्यापेक्षा कलहच वाढवितील, अशी त्यांना भीती होती. त्याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांनी याच प्रांतातील खेड्यांसाठी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. तिच्या ‘मंदिर’ या शब्दालाच मुस्लिम लीगने कडाडून हरकत घेतली. शाळेच्या पाटीवरील एक शब्दही कोणाला आपलेपणा, तर कोणाला परकेपणा देतो, हे तेव्हा दिसून आले.

१९५० च्या संविधानाने अनुच्छेद २८ मध्ये मार्ग आखला. संपूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत अज्ञान विद्यार्थ्याला त्यासाठी किंवा धार्मिक उपासनेसाठी पालकांच्या संमतीवाचून बसविता येत नाही. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) एका धर्माची दीक्षा आणि सर्व धर्मांची ओळख यांत भेद केला.

हा भेद रोजच्या परिपाठातच कसास लागतो. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाला ती रांग आपली वाटली पाहिजे. संमतीच्या तरतुदीचा खरा अर्थ हाच आहे.