दिनविशेष : २१ सप्टेंबर – आखडलेले सांधे आणि एक इंजेक्शन

१९४८ : अमेरिकेतील रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच व सहकाऱ्यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या महिलेला ‘कंपाउंड ई’चे, म्हणजेच कॉर्टिझोनचे, पहिले इंजेक्शन दिले. तिला कूस बदलणेही कठीण झाले होते. आठवडाभरात ती खरेदीला बाहेर पडली. या कॉर्टिझोनच्या कामाला १९५० मध्ये नोबेल मिळाले.

औषधाने सूज ओसरते, पण शरीराने आपल्याच सांध्यांवर उलटण्याची खोड जात नाही. जास्त दिवस घेतले की हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा वाटोळा दिसू लागतो. एकदम बंद करणे तर त्याहून धोक्याचे. वातावरच्या बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत गुण आला, तर तीत याच कुळीचे औषध असू शकते.

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये चार हजारांवर प्रौढांची घरोघरी पाहणी केली. साधारण दोनशेंत एकाला आमवात आढळला. म्हणजे धाराशिवच्या कुठल्याही मोठ्या गावात पाच-दहा घरी सापडेल असा हा आजार. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसेल, भाकरी थापताना बोटे ऐकत नसतील, तर ते वय नव्हे. रक्त तपासून घ्यावे.