पृष्ठसंख्या, किंमत आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य : ‘सकाळ’ खटल्याचा ऐतिहासिक विचार

भारतीय वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास बहुधा बंदी, जप्ती आणि १९७५ च्या आणीबाणीतील प्रसिद्धिपूर्व तपासणी यांच्या आधारे मांडला जातो. पाने, किंमत आणि कागद यांवरील नियंत्रणाचा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाचे न्यायालयीन संघर्ष याच प्रश्नावर झाले.

न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये मालकीच्या केंद्रीकरणाविषयी चिंता व्यक्त केली. मोठ्या भांडवलाची पत्रे कमी किमतीत अधिक पाने देऊन लहान पत्रांना बाजारातून हुसकावतात, असे निदान होते. किमतीनुसार पृष्ठसंख्या ठरवून देणे हा त्यावरील उपाय. त्यानुसार १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश निघाला. जाहिरातींच्या जागेचे नियमन करण्याचा अधिकारही कायद्याने शासनास दिला.

या आदेशाला आव्हान दिले ते मात्र एखाद्या साखळी समूहाने नव्हे, तर डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘सकाळ’ने. सात नये पैसे किमतीच्या या दैनिकापुढे दोनच मार्ग उरले होते : किंमत वाढवावी किंवा पाने कमी करावीत. पहिल्याने वाचक घटणार, दुसऱ्याने मजकूर. कंपनीसोबत वाचकही अर्जदार होते, ही बाब लक्षणीय आहे.

अनुचित स्पर्धा रोखण्यासाठी केलेले हे व्यवसायाचे नियमन आहे, असा शासनाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो अमान्य केला. न्या. मुधोळकर यांच्या निकालपत्रानुसार वितरण हा अभिव्यक्तीचाच भाग ठरतो. सार्वजनिक हितासाठी व्यवसायावर अनुच्छेद १९(६) खाली निर्बंध घालता येतात. अभिव्यक्तीवर मात्र १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच. कायद्याचे संबंधित कलम आणि आदेश रद्द झाले.

निकाल तर्कशुद्ध होता, यात शंका नाही. तथापि आयोगाने दाखविलेला रोग खोटा नव्हता. रद्द झाला तो उपाय. पुढे १९७२ मध्ये वृत्तपत्रीय कागदाच्या धोरणातील दहा पानांच्या मर्यादेविरुद्ध हेच तत्त्व ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालक असलेल्या बेनेट कोलमन कंपनीच्या उपयोगी पडले. त्या खटल्यातील भिन्नमतपत्रात न्या. के. के. मॅथ्यू यांनी या स्वातंत्र्याचा विचार मालकाच्या नव्हे, तर विविध मते ऐकू इच्छिणाऱ्या समाजाच्या बाजूने केला. बहुमत त्यांच्या विरोधात गेले.