ठकवणूक, न्यासभंग, तोतयेगिरी

लबाडीने दुसऱ्याचे नुकसान करण्याचे भारतीय फौजदारी कायद्यातील तीन वेगवेगळे गुन्हे. बोलण्यात तिन्हींना सरसकट ‘फसवणूक’ म्हणतात, जुन्या सवयीने ‘चारसोबीस’ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंड संहितेतील ४२० ची जागा कलम ३१८ ने घेतली. न्यासभंगासाठी ३१६ आणि तोतयेगिरीसाठी ३१९ ही कलमे आहेत.

पहिल्या दोहोंतला फरक लबाडी केव्हा मनात आली यावर ठरतो. बोरिवलीतला एखादा बिल्डर आधीच विकलेला फ्लॅट दाखवून बुकिंगचे पैसे घेतो, तेव्हा रक्कम हाती पडण्यापूर्वीच खोटे बोलून झालेले असते. ही ठकवणूक. मुलुंडमधल्या सोसायटीच्या खजिनदाराकडे मात्र सभासद मेंटेनन्स विश्वासाने देतात. पावती फाडली जाते, रक्कम वहीत चढते. पुढे त्याच दुरुस्ती निधीतून त्याने स्वतःचे कर्ज फेडले तर तो न्यासभंग, वर्तमानपत्रांच्या भाषेत बहुधा अपहार. एकाच व्यवहारात हे दोन्ही गुन्हे एकत्र असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लब प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. पोलिसांनाही हा भेद उमगत नसल्याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला, आणि तो रास्तच होता.

मोठ्या घोटाळ्यात व्यवहार अनेक असतात, त्यामुळे कलमेही अनेक लागतात. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप आहे. आर्थिक गुन्हे शाखेने ठकवणूक, न्यासभंग आणि बनावटीकरण अशी कलमे लावली. खातेदारांना सुरुवातीला अवघे १,००० रुपये काढता येत होते. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या निवृत्तांचे त्यात अतोनात हाल झाले. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

तोतयेगिरीत माणूस दुसराच कुणी असल्याचे भासवून ठकवतो. सीबीआय अधिकारी किंवा पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर ज्येष्ठांना धमकावणारे टोळके याच गुन्ह्यात मोडते. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. असा कॉल आल्यास फोन ठेवावा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.