निळी बाळे आणि हेलन टॉसिग

फळ्यावरची अक्षरे ज्याच्या डोळ्यांपुढे जागेवर राहत नाहीत, असे एखादे मूल आपल्या वर्गात असते. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. १८९८ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे जन्मलेली हेलन टॉसिग अशीच होती. या अडचणीला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. तेव्हाच्या शिक्षकांना ती ठाऊक नव्हती. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. त्यानंतरही वडील धीराने जवळ बसून तिला शिकवत राहिले.

पुढे तिला डॉक्टर व्हायचे होते, पण हार्वर्डची वैद्यकीय पदवी तेव्हा स्त्रियांना मिळत नसे. एका विषयाच्या तासांना बसू दिले, तेही वेगळे आणि इतर विद्यार्थ्यांशी न बोलण्याच्या अटीवर! अखेर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९२७ साली ती डॉक्टर झाली. १९३० साली तेथील बालहृदयरोग विभाग तिच्याकडे आला. त्याच सुमारास तिची श्रवणशक्ती जाऊ लागली. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येऊ नये! टॉसिगबाई मुलांच्या छातीवर हलकेच बोटे ठेवून हृदयातील खरखर स्पर्शाने ओळखायला शिकल्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत काहींचे ओठ आणि नखे निळसर असत. चार पावले चालले की ती दम लागून उकिडवी बसत. फ्रान्समधील डॉक्टर फालो यांनी १८८८ साली या विकाराचे नीट वर्णन केले होते. यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि दोन जवनिकांमधील पडद्याला छिद्र असते. त्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात शिरते. उपाय काहीच नव्हता.

आता टॉसिगबाईंचे निरीक्षण पाहा. गर्भात असताना फुप्फुसे काम करत नाहीत, म्हणून फुप्फुसरोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर ती थोड्याच दिवसांत मिटते. न मिटली तर तो दोष समजला जातो. पण निळ्या बाळांपैकी ज्यांची ही नळी उघडी राहिली होती, ती बरी होती आणि ती मिटली की बिघडत! म्हणजे दुसरा दोष पहिल्यावर उतारा ठरत होता. मग मिटलेली नळी माणसाने पुन्हा का करू नये?

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली अशी उघडी नळी यशस्वीपणे बांधून बंद केली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या. बंद करणाऱ्याला उघडण्यात रस वाटला नाही.

१९४१ साली शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्समध्ये आले. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतील सहायक व्हिव्हियन थॉमस होते. थॉमस कृष्णवर्णीय, सुतारकामात तरबेज. मंदीत बँक बुडाली आणि डॉक्टरकीसाठी साठवलेले पैसे गेले. आधीच्या विद्यापीठात त्यांची नोंद सफाई कामगार अशी होती. तिथेच या दोघांनी हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसरोहिणीला जोडण्याचा प्रयोग कुत्र्यांवर केला होता. हेतू वेगळाच होता आणि तो साधलाही नव्हता. (फसलेले प्रयोग फेकून देऊ नयेत, असे आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना वाटते ते उगाच नाही.) टॉसिगबाईंनी अडचण सांगितली तेव्हा दोघांना हाच जोड आठवला. थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर काम करून तो पक्का केला.

हात कोरडा पडणार नाही का, असे मुले विचारतील. खांद्याभोवतीच्या लहान शाखा रुंदावतात आणि हाताला रक्त पुरवतात.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया झाली. वजन जेमतेम चार किलो. टाके ब्लॅलॉक घालत होते, पण हात थॉमस यांचा बसलेला होता. ते मागे स्टुलावर उभे राहून सुचवत होते. मुलगी त्यातून वाचली, पण काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे काढताच टेबलावरच त्याचे ओठ गुलाबी झाले. मग देशोदेशीचे आईबाप बाल्टिमोरची वाट धरू लागले.

१९४५ साली निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर नावे दोनच, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा आभारातही उल्लेख नव्हता. बाईंनाही पूर्ण प्राध्यापकपदासाठी १९५९ पर्यंत थांबावे लागले. थॉमस यांना हॉपकिन्सने १९७६ साली मानद डॉक्टरेट दिली.

आज या विकारात हृदय उघडून दोष थेट दुरुस्त करतात. तरी फार लहान किंवा अशक्त बाळाला वेळ मिळावा म्हणून कृत्रिम नळीने तोच जोड अजूनही देतात. त्याला ब्लॅलॉक-टॉसिग जोड म्हणत. आता पुष्कळ डॉक्टर ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग असे लिहितात.